सहावा खुंट

कल्याणला त्याचा सिनेमा लागून दुसरा आठवडा चालू होता. रविवारी तीनच्या खेळाला प्रभाकर कर्णिक कानातोंडाभोवती मफलर गुंडाळून मागच्या रांगेत बसला होता. शेजारी बायको. हेमाला वाटत होतं, कुणीतरी ओळखावं, निदान मान वळवून बघावं. प्रभाकरला नेमकं तेच नको होतं. डोंबिवलीचे शेजारी हसत हसत जे सांगत होते, ते खरं आहे का, एवढंच त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

पडद्यावर तो किल्ल्याच्या तटावर उभा होता. मागून शत्रूचे शिपाई चढत होते आणि तो कड्याला बांधलेली दोरी ओढून बघत होता. एकदा, दोनदा. मग गाठ.

"अरे, उतर की आता!" पुढच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं.

"थांब रे, बायकोला लुगडं घेतोय तो, पोत बघतोय!"

सगळं थिएटर हसलं. तेवढ्यात तटामागून ती आली. सिनेमातली मुकी. कमरेला फडकं घट्ट आवळलेलं, दातांत सुरी. दोरीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. तटावर पाय ठेवला आणि थेट खाली, पळत्या घोड्याच्या पाठीवर उडी. लोक बाकांवर उभे राहिले. शिट्ट्या, टोप्या, "मुकी! मुकी!" असा गिल्ला. पडद्यावर प्रभाकर दोरीने सावकाश उतरत होता, त्याच्याकडे बघायला कुणी रिकामं नव्हतं. हेमानेही टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती. नवरा शेजारीच आहे हे आठवल्यावर तिने हात पदराखाली घेतले.

"छान करते हो ती," घरी परतताना ती म्हणाली.

"हो," प्रभाकर म्हणाला.

प्रभाकर मूळचा चित्रकलेचा मास्तर. कल्याणच्या एका शाळेत सात वर्षं त्याने मुलांना रेघ सरळ कशी काढायची ते शिकवलं होतं. स्वभाव जपून पाऊल टाकणारा. छत्री घेतल्याशिवाय जूनमध्येच काय, मेमध्येसुद्धा बाहेर पडायचा नाही. नाक सरळ, हिंदी स्वच्छ, म्हणून महिपतरावांनी त्याला उचललं होतं. महिपतराव म्हणजे मुक्या चित्रांच्या काळातले मारधाडवाले. स्वतः कड्यांवरून उड्या मारलेले. डावा पाय तेव्हापासून ओढत चालायचे. आता दिग्दर्शक झाले होते. त्यांना एकदा डोकं चालवणारा हिरो करून बघायचा होता.

आणि शेवंती? ती कोपरीच्या कोळीवाड्यातली. पहिल्या सिनेमात एका दिवसापुरती होडी वल्हवायला आली होती. हिरोची जोडीदारीण म्हणून आणलेली नटी खाडीच्या चिखलात पाय ठेवायला तयार होईना, तेव्हा महिपतरावांनी वैतागून वल्हं मारणाऱ्या पोरीकडे बोट दाखवलं. तिच्या तोंडी हिंदी बसेना, म्हणून पात्रच मुकं केलं. प्रभाकरने दोन-दोन पानांची भाषणं पाठ केली. ती एक शब्द बोलली नाही. आणि लोक घरी जाताना तिचं नाव घेत होते.

दुसऱ्या सिनेमाचं काम सुरू झालं, तेव्हा प्रभाकर महिपतरावांकडे गेला. "या वेळी एक उडी मला मारू द्या."

"तुला?" महिपतरावांनी विडी बाजूला ठेवली. "हे बघ कर्णिक, तू विचार करायचा. उडी ती मारेल. तुझा पाय मोडला तर माझं अख्खं पिक्चर आडवं होतं."

"आणि तिचा मोडला तर?"

"ती कोळ्याची पोर आहे, तिला काय होतंय," म्हणत महिपतरावांनी विडी पुन्हा तोंडात धरली. प्रभाकर परत फिरला. तिच्यावर आपण जळतो, हे तोपर्यंत त्याने स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

मार्चमध्ये कोपरीच्या खाडीवर शूटिंग लागलं. दगडी धक्क्याच्या टोकाला सुतारांनी लाकडाचा आणि गोणपाटाचा बुरूज उभा केला होता, तीस फूट उंच. गोणपाटावर दगड रंगवले होते. प्रसंग असा, की हिरो आणि मुकी बुरुजावर कोंडीत सापडतात, शिपाई शिडीवरून वर येतात, हिरो वाट शोधत राहतो आणि मुकी खाडीत उडी घेते. मागून हिरोच्या कपड्यातला दुसराच कुणी उडी मारणार होता, तो शॉट वेगळा.

भरती एक वाजता होती. त्याच वेळी उडी घ्यायची ठरली होती. पण कॅमेऱ्यात फिल्म अडकली. ती सोडवली तर ढग आला. ढग गेला तर शिपायांपैकी दोघं जेवायला गेलेले. सगळं जुळून आलं तेव्हा साडेतीन वाजले होते आणि महिपतरावांचा आवाज बसला होता.

प्रभाकर तलवार कमरेला लावून वर चढला. शेवंती आधीच कठड्यापाशी उभी होती. त्याने सवयीने खाली बघितलं. धक्क्याचे दगड ओले होते; दुपारी पाण्याखाली असलेल्या पाच ओळी आता उघड्या पडल्या होत्या. पाणी झपाट्याने ओसरत होतं. आणि बरोबर बुरुजाखाली, पाणी जिथून बाहेर धावत होतं, तिथे एका जागी ते दुभंगून पुन्हा जुळत होतं. बोटाने ओढावी तशी एक बारीक रेघ. तिच्याशेजारी आणखी एक. थोड्या अंतरावर तिसरी.

वाहत्या पाण्यावर उगाच रेघ उमटत नाही. खाली काहीतरी उभं होतं.

"महिपतराव!" त्याने हाक दिली. "पाण्याखाली काहीतरी आहे!"

किनाऱ्यावर कॅमेऱ्यापाशी महिपतरावांनी भोंगा तोंडाला लावला. "काय आहे?"

"दिसत नाही! पण आहे!"

खाली हशा पिकला. शिडीवर तलवारी घेऊन लटकलेल्या शिपायांपैकी एक जण म्हणाला, "साहेबांची दोरी तपासून झाली, आता पाणी तपासतायत."

प्रभाकरचे कान तापले. त्याने पुन्हा खाली बघितलं. रेघा होत्या. की नव्हत्या? ऊन पाण्यावर चमकत होतं. हे मला खरंच दिसतंय, की तिने उडी मारू नये म्हणून मला दिसायला हवंय? शिट्ट्यांचा तो गिल्ला त्याच्या कानात अजून होता. त्याचा स्वतःवरचा विश्वास त्या क्षणी उडाला, आणि तो गप्प बसला.

"धूर सोडा! कॅमेरा!" भोंगा गरजला. "शिपाई, वर! मुकी, तयार!"

धूर वर आला. शिडी करकरली. पहिला शिपाई कठड्यावरून आत आला, ठरल्याप्रमाणे प्रभाकरने त्याला ढकललं. शेवंती कठड्यावर चढली. अनवाणी पायांची बोटं तिने लाकडाच्या कडेवर रोवली. गुडघे वाकले.

प्रभाकरने झेप घेतली आणि तिचं मनगट धरलं.

कॅमेरा चालूच होता. तिने हात हिसडला. त्याने सोडला नाही. दोघांचा तोल गेला, बुरूज एका बाजूला कलल्यासारखा झाला आणि ती कठड्यावरून आत, फळ्यांवर पडली.

"कट! कट! कर्णिक, वेड लागलं काय तुला?"

प्रभाकरला धाप लागली होती. तो तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. "शेवंती, खाली बघ. तुला काही दिसत नाही?"

"दिसतंय," ती दात आवळून म्हणाली. "मगाशीच दिसलं. खुंट हायेत. माझ्या चुलत्याचे. जाल बांधाला रोवलेले. भरतीला मोप पाणी असतं वर, आता नाय."

"मग उडी मारत होतीस कशी?"

तिने मनगट चोळलं. त्यावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते.

"तुमी थांबलाव मास्तर, तं तुमाला शिव्या देतील. मी थांबली तं उद्या दुसरी आणतील."

हे तिने रागाने म्हटलं नाही; बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. प्रभाकरला वाटलं, कुणीतरी आपल्याला थोबाडीत मारली. वर्षभर तो तिचं धाडस बघत होता, त्यावर जळत होता. ते धाडस नाकारायची सोय तिला नव्हती, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सावध राहणं त्याला परवडत होतं, म्हणून तो सावध होता.

"पुन्हा घ्यायचा!" भोंगा ओरडला. "ऊन जातंय! कर्णिक, तू बाजूला हो. मुकीला एकटीला घेतो."

शेवंती उठली. पुन्हा कठड्याकडे गेली.

तिच्या आधी प्रभाकर तिथे पोचला. कठड्यावर बसला, पाय बाहेर सोडले, दोन्ही हातांनी लाकूड घट्ट धरलं. तीस फूट खाली पाणी फिरत होतं.

"मी इथून हलणार नाही!" तो ओरडला. आवाज चिरका निघाला. "मी असेन तोवर शॉट होणार नाही!"

मग शिपाई हसले, कुणीतरी शिवी दिली, कुणीतरी "ओढा त्याला" म्हटलं. दोघं जण शिडीवरून डोकावले.

"हात लावाल तर मी पडेन," प्रभाकर त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "मग पैसा घालणाऱ्या शेठला तुम्ही सांगा."

ते थबकले. हिरोला कुणी ढकललं, हे अंगावर घ्यायला कोण तयार होईल? प्रभाकरला ते ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्या किमतीचा उपयोग करत होता.

महिपतराव स्वतः वर आले. डावा पाय ओढत, एकेक पायरी, प्रत्येक पायरीला बुरूज हलत होता. वर पोचले तेव्हा घामाने निथळत होते.

"उतर."

"नाही."

"शेठला काय सांगू मी?"

"सांगा, हिरो घाबरला."

"कर्णिक, हे बघ. तिला टाळ्या पडतात म्हणून तू—"

"पडतात," प्रभाकर म्हणाला. "आणि मी जळतो. ते खरं आहे. पण खाली खुंट आहेत, तेही खरं आहे."

महिपतरावांनी शेवंतीकडे बघितलं. "आहेत काय गं?"

ती गप्प राहिली. सिनेमातल्यासारखी. प्रभाकरला तिच्या पायांची बोटं दिसत होती, फळीवर घट्ट दाबलेली. तिने 'हो' म्हटलं, तर मघाशी जाणूनबुजून उभी राहिली होती हे उघड होणार. 'नाही' म्हटलं, तर उडी मारावी लागणार.

"थांबा नुसतं," प्रभाकर म्हणाला. "अर्धा तास. पाणीच सांगेल."

"अर्ध्या तासात ऊन जाईल!"

"जाऊ दे."

बसायला जागा नव्हती म्हणून महिपतराव कठड्याला टेकले. खाली माणसं कंटाळून पांगू लागली. खाडी ओसरत राहिली. किनाऱ्याचा चिखल चकाकू लागला, त्यावर बगळे उतरले. प्रभाकरचे हात बधिर झाले होते. त्याने एकदाही पाण्यावरची नजर हलवली नाही, आणि प्रत्येक मिनिटाला त्याला वाटत होतं, काहीच निघालं नाही तर?

आधी एक काळा ठिपका दिसला. पाण्याने तो झाकला, सोडला, पुन्हा झाकला. मग तो राहिलाच. माडाच्या खोडाचा टोकदार खुंट, कालवं चिकटलेला. त्याच्या डावीकडे दुसरा वर आला. मग तिसरा, बरोबर त्या जागी, जिथे तिने नेम धरला होता.

किनाऱ्यावरची माणसं एकेक करून उभी राहिली. शिपाई हसायचे थांबले.

महिपतराव वाकून खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "माझ्या वेळी कुणी असं बसलं नव्हतं रे." आणि पाय ओढत शिडीकडे वळले. अर्ध्या शिडीवरून त्यांनी सांगितलं, "उद्या. भरतीला."

शेवंती काही आभारबिभार मानेल, अशी प्रभाकरची अपेक्षा नव्हती. पण तिने जे केलं तेही त्याने धरलं नव्हतं. खाली उतरल्यावर ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"सगल्यांसमोर हात कनाला धरला माझा? आता कोलीवारा बोलंल, शेवंती घाबरली, मास्तरांनी धरून ठेवली."

"मग काय करायला हवं होतं मी?"

"आदी मना विचाराचं," ती म्हणाली, आणि भावाच्या होडीकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता प्रभाकर खाडीत हजर होता. ओहोटी लागलेली. शेवंतीचा भाऊ नामा आणि आणखी दोघं कोळी पहारी, दोर घेऊन आले होते. प्रभाकरने धोतर वर खोचलं आणि चिखलात उतरला. मांडीपर्यंत रुतला. कालवांनी पोटरी फाडली. कोळी हसले, पण त्याला हाताला धरून पुढे नेलं. खुंट एकेक करून उपटले. दोन तासांत पाच निघाले. चिखलात ओढत नेऊन धक्क्यावर टाकले.

"झाले?" प्रभाकरने विचारलं.

"झाले," नामा म्हणाला.

धक्क्यावर जाळं विणत गणूआजा बसला होता, कोळीवाड्यातला सगळ्यात म्हातारा. तो मान वर न करता म्हणाला, "सहा व्हते."

"पाचच हायेत, आजा."

"सहा व्हते. मी रोवले तुझ्या चुलत्याबरोबर."

त्यांनी पुन्हा शोधलं. बांबू चिखलात खुपसत, ओळीने, चौकोन आखून, जशी प्रभाकर फळ्यावर जाळी आखत असे तशी. बांबू कुठेच अडला नाही. तोवर पाणी चढायला लागलं, कमरेला आलं आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. कुजून गेला असेल, नामा म्हणाला. म्हाताऱ्याला भ्रम झाला असेल, दुसरा म्हणाला. गणूआजा जाळं विणत राहिला.

पावणेदोनला भरती भरली. पाणी धक्क्याच्या वरच्या दगडाला लागलं होतं, आणि त्यावर कुठेही रेघ नव्हती. सगळं तुडुंब, गुळगुळीत. आज कॅमेरा व्यवस्थित होता, ढग नव्हता, शिपाई जागच्या जागी होते.

महिपतरावांनी प्रभाकरच्या हातात एक पांढरा रुमाल दिला. "इशारा तू दे. कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, मागच्या बाजूला, तिच्या पायाशी टाक. टाकलास की ती जाईल."

"मी?"

"मग कोण? तूच बघितलंस ना खाली?"

प्रभाकर वर चढला. कालपर्यंत त्याचं काम सोपं होतं, हे त्याला शिडीवरच कळलं. थांब म्हणायला फार तर अब्रू लागते. जा म्हणायला काय लागतं, ते त्याच्याजवळ आहे की नाही, कुणास ठाऊक.

शेवंती कठड्यापाशी उभी होती. धूर अजून सोडला नव्हता.

"बगितलंव?" तिने विचारलं.

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. त्याच्या ओठांवर ते आलंही होतं.

"पाच काढले," तो म्हणाला. "गणूआजा म्हणतो, सहा होते. सहावा सापडला नाही. सगळीकडे बांबू मारला. फक्त त्या तिकडे, डाव्या कोपऱ्यात, पाणी आलं म्हणून राहिलं. चार-पाच हात जागा."

ती कोपऱ्याकडे बघत राहिली. पाण्यावर काहीच दिसत नव्हतं.

"नको म्हणालीस तर मी पुन्हा बसतो," प्रभाकर म्हणाला. "आज आणि उद्याही. तू नाही म्हणालीस असं कुणाला कळणार नाही."

तिने त्याच्याकडे वळून बघितलं. काल तिने जे मागितलं होतं, ते तो देत होता, हे तिच्या लक्षात आलं असावं. कठड्यावर हात फिरवला, वारा कुठून येतो ते बघितलं, उजवीकडे अंतर मोजल्यासारखे डोळे बारीक केले.

"उजवीकरं मारते," ती म्हणाली. "लांब. आनि पाय जवल घेऊन, म्हंजे खोल जानार नाय." मग जरा थांबून, "टाका रुमाल. मीच सांगते."

धूर आला. शिपाई आले. प्रभाकरने पहिल्याला ढकललं, दुसऱ्याचा वार चुकवला आणि कठड्याशी येऊन उभा राहिला. ती वर चढली होती. त्याचा हात पाठीमागे होता, मूठ आवळलेली, रुमाल घामाने भिजलेला. बोटं उघडेनात. त्याने ती एकेक करून उघडली. रुमाल पडला.

ती गेली. त्याने आजवर तिच्या उड्या पडद्यावरच नीट बघितल्या होत्या. आज पाठीमागून बघितली. उजवीकडे, लांब, पाय पोटाशी घेतलेले. पाणी फुटलं, पांढरं झालं, मिटलं.

प्रसंगाप्रमाणे त्याने आता मागे वळून शिपायांशी लढायचं होतं. तो वळला नाही. कठड्यावरून वाकून बघत राहिला. एक. दोन. तीन. नामाने होडीतून वल्हं टाकलं होतं. चार. पाणी मिटलेलंच. पाच. त्याच्या मागे एक शिपाई तलवार उगारून तसाच थांबला. सहा. सात.

होडीच्या पलीकडे, कुणाची नजर नव्हती तिथे, तिचं डोकं वर आलं. तिने केस मागे झटकले, तोंडातलं पाणी थुंकलं आणि वर बघून हात हलवला.

प्रभाकर खाली बसला. शिपाई त्याच्याभोवती तलवारी घेऊन उभे होते. किनाऱ्यावरून भोंगा ओरडला, "कट! हिरो बसला काय परत?" पण या वेळी महिपतराव हसत होते.

प्रभाकर खाली बसल्याचा तो तुकडा सिनेमात ठेवला नाही. लोकांनी शेवंतीची उडी बघितली, शिट्ट्या वाजवल्या, आणि तिसऱ्या सिनेमात शेठने दुसरा हिरो घेतला, तरणा आणि उड्या मारणारा. प्रभाकर पुन्हा शाळेत रुजू झाला. पण ज्या दिवशी उडी असायची त्या दिवशी शेवंती नामाला डोंबिवलीला पाठवायची, आणि प्रभाकर रजा टाकून जायचा. बांबू घेऊन पाण्यात उतरायचा, पाहणी करायचा, मग तिला जे सापडलं ते आणि जे सापडलं नाही ते, दोन्ही सांगायचा. ऐकून घेऊन ती ठरवायची. दोनदा तिने सरळ नाही म्हटलं. दोन्ही वेळा महिपतरावांनी कॅमेरा गुंडाळला.